ताकाला जाऊन भांडे लपवणारे आपण

पुढच्या महिन्यात सांगली जिल्ह्यातील एका महाविद्यालयात प्राध्यापकांसाठी ७ दिवसांचा अध्यापक विकास कार्यक्रम, म्हणजे आपल्या रोजच्या बोलण्यातली एफडीपी, होणार आहे. त्यातील पाचव्या दिवशी जेवणानंतरच्या सत्रात ‘अध्यापकाची व्यावसायिक नीतिमूल्ये’ या विषयावर ९० मिनिटे बोलावे, असे निमंत्रण मला आले आहे. नीतिमूल्यांच्या वाट्याला जेवणानंतरचीच वेळ का येते, हे अशा कार्यक्रमांना बसलेल्या कोणालाही सांगण्याची गरज नाही. मी होकार कळवला आणि तेव्हापासून रोज संध्याकाळी साताऱ्यातील घराच्या गच्चीवर वही घेऊन बसतो आहे. समोर अजिंक्यतारा असतो, त्यावरचा टीव्हीचा मनोरा असतो, आणि वहीत मात्र विषयाच्या नावापलीकडे फारसे काही उतरत नाही. या विषयावर बोलण्याचा मला कितपत अधिकार आहे, हा प्रश्न आधी सोडवावा लागेल असे ध्यानात आले, म्हणून हे लिहीत आहे.

अशा सत्रात साधारणपणे काय बोलले जाते ते मला तोंडपाठ आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने १८ जुलै २०१८ रोजी काढलेल्या विनियमांत अध्यापकांसाठी व्यावसायिक आचारसंहिता दिलेली आहे. अभ्यास आणि संशोधन यांच्या आधारे आपली व्यावसायिक वाढ सतत चालू ठेवावी, वाङ्मयचौर्य करू नये आणि त्याला उत्तेजन देऊ नये, जात, पंथ, धर्म किंवा लिंग यांचा विचार कामात येऊ देऊ नये, अशी तिची कलमे आहेत. त्याच वर्षी वाङ्मयचौर्याला आळा घालणारे स्वतंत्र विनियमही आले आणि साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर काय, ४० पर्यंत काय, ६० च्या पुढे काय, हे कोष्टक तेव्हापासून प्रत्येक कार्यक्रमात पडद्यावर दाखवले जाते. हे कोष्टक मी एकदा अशा स्लाइडवर पाहिले आहे की जिच्या कोपऱ्यात दुसऱ्याच राज्यातील एका संस्थेचे बोधचिन्ह पुसायचे राहून गेले होते. सभागृहात कोणीही हसले नाही. प्रत्येकाच्या पेन ड्राइव्हमध्ये तशी एखादी फाइल असावी.

ही कलमे महत्त्वाची आहेतच, पण माझी अडचण वेगळी आहे. प्रशिक्षणात नीतिमत्तेवर एक व्याख्यान ठेवता येते. खुद्द प्रशिक्षण नीतीने चालते की नाही, या प्रश्नासाठी वेळापत्रकात जागा नसते. मला बोलायचे आहे ते त्यावर, आणि त्यातही एकाच गोष्टीवर: ‘मला हे नीट शिकवता येत नाही’ असे एखाद्या प्राध्यापकाने चार सहकाऱ्यांसमोर म्हटले, तर त्याचे पुढे काय होते.

या वाक्याचे महत्त्व कळायला आपल्या व्यवसायाची एक विलक्षण गोष्ट लक्षात घ्यावी लागते. माध्यमिक शाळेत शिकवायचे तर बी.एड. लागते, प्राथमिक शाळेत शिकवायचे तर डी.एड. किंवा तत्सम पदविका लागते. महाविद्यालयात शिकवायला मात्र नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा उत्तीर्ण असणे किंवा पीएच.डी. असणे पुरते, आणि यांपैकी कोणत्याही पात्रतेत वर्गासमोर उभे राहायला शिकवलेले असतेच असे नाही. आपला विषय येतो म्हणजे तो शिकवताही येतो, असे आमच्याबाबत गृहीत धरलेले आहे. आमचे विद्यार्थी दरवर्षी ३ जानेवारीला खंडाळा तालुक्यातील नायगावला जातात आणि तेथे सावित्रीबाईंवर भाषणे होतात. घरी अक्षरओळख झाल्यावर त्यांनी अहमदनगरला मिशनरी फॅरारबाईंकडे आणि पुण्याच्या नॉर्मल स्कूलमध्ये शिकवण्याचे रीतसर शिक्षण घेतले, वाचता येणे आणि शिकवता येणे या दोन गोष्टी वेगळ्या मानल्या, ही बाब त्या भाषणांत एका वाक्यात उरकली जाते. कर्मवीर भाऊराव पाटलांनाही हे पक्के ठाऊक होते. खेड्यापाड्यांत शाळा काढायच्या तर आधी शिक्षक तयार केले पाहिजेत, म्हणून त्यांनी १९३५ मध्ये याच साताऱ्यात सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज सुरू केले. त्यांच्या रयत शिक्षण संस्थेचे पहिले वरिष्ठ महाविद्यालय, छत्रपती शिवाजी कॉलेज, त्यानंतर बारा वर्षांनी, १९४७ मध्ये निघाले.

वरिष्ठ महाविद्यालयांतील अध्यापकांची सोय व्हायला मात्र १९८६ चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण यावे लागले. त्यातून अकॅडेमिक स्टाफ कॉलेजे निघाली, २०१५ मध्ये त्यांचे मनुष्यबळ विकास केंद्र असे नामांतर झाले, आणि २०२३ मध्ये अध्यापक प्रशिक्षणाच्या मालवीय मिशनची घोषणा झाल्यावर देशभरातील १११ केंद्रांनी पुन्हा पाट्या बदलल्या. पाट्यांचा हा इतिहास येथेच सोडतो.

मी माझा उद्बोधन वर्ग, म्हणजे नव्या अध्यापकांसाठीचा प्रशिक्षणवर्ग, २००१ मध्ये केला. तेव्हा तो चार आठवड्यांचा आणि निवासी असे. नोकरीला दोन वर्षे झाली होती, भूगोल शिकवत होतो आणि नकाशा प्रक्षेपणाचा, म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर कशी उतरवतात याचा, भाग आला की वर्ग माझ्या हातातून निसटत असे. मुले झोपत नसत, पण त्यांचे डोळे कोठेतरी लांब गेलेले दिसत. त्या उद्बोधन वर्गात आमच्या आठ जणांच्या गटाला सूक्ष्म अध्यापनाचा, म्हणजे सहकाऱ्यांसमोरच काही मिनिटांचा, पाठ घ्यायचा होता. गटाचे मार्गदर्शक निवृत्तीला आलेले गृहस्थ होते. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितले की या खोलीत जे बोलले जाईल ते खोलीबाहेर जाणार नाही, मी काही लिहून घेणार नाही आणि तुमच्या श्रेणीत यातले काहीही येणार नाही. आम्ही तो एक शिष्टाचार समजलो. तिसऱ्या दिवशी इंग्रजी शिकवणाऱ्या एका बाईंनी सांगितले की बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या मुलांसमोर बोलताना आपण मुद्दाम अवघड शब्द वापरतो, कारण सोपे बोललो तर आपल्याला येत नाही असे त्यांना वाटेल, ही भीती असते. खोलीत क्षणभर शांतता पसरली. त्यानंतर आमच्यापैकी प्रत्येकाने काही ना काही सांगितले; मी प्रक्षेपणाचे सांगितले, आणि सोलापूरकडच्या एका सहकाऱ्याने संत्र्याची साल सोलून ती सपाट पसरण्याचा प्रयोग मला तेथेच करून दाखवला. तो जगभर चालतो हे मला नंतर कळले. पण मला कोणीतरी तो दाखवण्यासाठी आधी मी तोंड उघडणे आवश्यक होते, आणि मी तोंड उघडले ते त्या गृहस्थांनी पहिल्या दिवशी दिलेल्या शब्दावर.

त्यानंतरच्या नोकरीतील उजळणी वर्ग, कार्यशाळा आणि एफडीपी यांची संख्या मी येथे देत नाही. तशी खोली पुन्हा मिळाली नाही, एवढेच सांगतो.

ती का मिळाली नाही याचे उत्तर पगारपत्रकात आहे. २०१८ च्या विनियमांनुसार सहायक प्राध्यापकाला शैक्षणिक स्तर १० मधून ११ मध्ये जाण्यासाठी पीएच.डी. असेल तर ४, एम.फिल. असेल तर ५ आणि दोन्ही नसेल तर ६ वर्षांची सेवा लागते, आणि जोडीला २१ दिवसांचा उद्बोधन वर्ग व आणखी एखादा उजळणी वर्ग किंवा तत्सम अभ्यासक्रम लागतो. पुढच्या प्रत्येक पायरीला अशी प्रमाणपत्रे आहेतच. सातव्या वेतन आयोगात स्तर १० चे मूळ वेतन ५७,७०० रुपयांपासून सुरू होते, ११ चे ६८,९०० पासून, १२ चे ७९,८०० पासून, आणि १३-अ चे थेट १,३१,४०० पासून. ज्या कागदावर एवढे अवलंबून आहे तो कागद मिळवायला माणूस येतो तेव्हा तो शिकायला आलेला असतोच असे नाही, आणि आला असला तरी आपले उणे दाखवायला खचितच आलेला नसतो. ताकाला जाऊन भांडे लपवणे ही म्हण आमच्या स्थाननिश्चितीच्या, म्हणजे वरच्या स्तरावर बढतीच्या, फायलीसाठीच तयार झाली असावी. फरक इतकाच की येथे ताक वाढणाऱ्यालाही भांडे पाहायचे नसते. त्याला वाढल्याची सही हवी असते.

पैसा आणि बढती यांना मी नावे ठेवत नाही. प्रशिक्षण सक्तीचे केले नसते तर निम्मे लोक फिरकले नसते, हा युक्तिवादही मला मान्य आहे. पण सक्तीने माणसाला खुर्चीवर बसवता येते. तेथे बसून तो खरे बोलेल, यासाठी वेगळे काही करावे लागते, आणि ते करणे आयोजकाचे नैतिक कर्तव्य आहे, असे कोणी मानताना दिसत नाही.

ऑनलाइन कार्यक्रमांनी तर खुर्चीचीही गरज ठेवली नाही. टाळेबंदीच्या काळात, २०२० च्या मे-जून महिन्यांत, मी स्वतः अकरा प्रमाणपत्रे मिळवली. त्यांपैकी सहा प्रश्नमंजूषांची होती, आणि त्यांत उत्तीर्ण होईपर्यंत पुन्हा पुन्हा उत्तरे देण्याची मुभा होती. पुढे महाविद्यालये सुरू झाली तरी कार्यक्रम ऑनलाइनच राहिले. एका सकाळी वऱ्हांड्यातून जाताना मी पाहिले की आमचे एक सहकारी तृतीय वर्षाच्या वर्गात शिकवत आहेत आणि त्यांच्या सदऱ्याच्या खिशात मोबाइल उभा आहे, त्याचा पडदा चालू आहे. त्याच वेळी ते उजळणी वर्गात ‘उपस्थित’ होते. साडेअकराला हजेरीची लिंक आली तेव्हा त्यांनी फळ्याकडे वळून ती भरली असणार. ते कामचुकार गृहस्थ नव्हेत, हे आवर्जून सांगतो. १४ दिवस आपले तास बुडवायचे नाहीत, विभागात दुसरे कोणी नाही, प्राचार्यांनी कर्तव्य रजा दिलेली नाही आणि स्थाननिश्चितीचा दिनांक जवळ आलेला, अशा कात्रीत सापडलेल्या माणसाने काढलेला तो मार्ग होता. आयोगाच्याच कोष्टकात नेमून दिलेल्या तासांपैकी ८० टक्के किंवा अधिक तास घेतले तर ‘उत्तम’ असा शेरा मिळतो. म्हणजे तास घेतल्याचे गुण आणि प्रशिक्षण घेतल्याचे प्रमाणपत्र या दोन्हींचा हिशेब एकाच सकाळी एकाच माणसाकडून मागितला जात होता. अध्यापनाच्या सुधारणेचा खर्च कोणी द्यायचा, हा प्रश्न आपण विद्यार्थ्यांना कधी विचारलेला नाही, आणि बहुतेक वेळा तो खर्च तेच देत आले आहेत.

अभिप्रायाच्या अर्जाबद्दलही थोडे सांगतो, कारण तो मला नेहमी विनोदी वाटत आला आहे. शेवटच्या दिवशी एक अर्ज येतो. त्यात आपले नाव, महाविद्यालय, भ्रमणध्वनी आणि ईमेल लिहून प्रत्येक साधनव्यक्तीला, म्हणजे व्याख्यात्याला, एक ते पाच गुण द्यायचे असतात, आणि तो भरल्यानंतरच प्रमाणपत्राची लिंक उघडते. दक्षिणा दिल्याशिवाय प्रसाद नाही, आणि दक्षिणेच्या पाकिटावर नाव घालणे सक्तीचे. सगळ्यांना पाच गुण मिळतात. काही आयोजक तर सहभागींची संपूर्ण यादी, भ्रमणध्वनी क्रमांकांसह, शेकडो जणांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकून देतात. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संमत झाला, ही माहिती त्याच कार्यक्रमातील एखाद्या सत्रात दिली जाते.

आता ज्या गोष्टीमुळे गच्चीवर वही रिकामी राहते, तिच्याकडे येतो.

काही वर्षांपूर्वी मी ज्या महाविद्यालयात होतो, तेथे एका प्रशिक्षणाहून परतलेल्या सहकाऱ्यांनी सहाध्यापक निरीक्षणाची कल्पना मांडली. एका अध्यापकाने दुसऱ्याच्या तासाला मागच्या बाकावर बसायचे, नोंदी करायच्या, मग दोघांनी बोलायचे. कल्पना उत्तम होती आणि आजही मला ती उत्तमच वाटते. अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाने छापील अर्ज तयार केला. मला दुसऱ्या विभागातील एका तरुण अध्यापकाचे तीन तास पाहायचे होते. तो तासिका तत्त्वावर होता, म्हणजे दरवर्षी नव्याने मुलाखत, तासांच्या हिशेबाने मानधन आणि मे महिन्यात काहीच नाही. तो आमच्याच महाविद्यालयाचा विद्यार्थी. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत मी त्याला खोदकाम करताना पाहिले होते, त्यामुळे त्याच्याशी माझे बोलणे मोकळे होते.

तिन्ही तासांना तो टिपणे सांगत राहिला. मुले लिहीत राहिली. दुसऱ्या तासाला एका मुलीने प्रश्न विचारला, तेव्हा त्याने ‘ते परीक्षेला येत नाही’ असे म्हणून हसण्यावारी नेले. मी हे सगळे लिहिले. नंतर आम्ही उपाहारगृहात चहा घेत बसलो आणि मी त्याला त्या मुलीच्या प्रश्नाबद्दल विचारले. तो बराच वेळ कपाकडे पाहत होता. मग म्हणाला, “सर, मला प्रश्नांची भीती वाटते. उत्तर नाही आलं तर काय, हे सारखं डोक्यात असतं.” मी त्याला माझ्या प्रक्षेपणाची आणि संत्र्याच्या सालीची गोष्ट सांगितली. पुढच्या तासाला उत्तर येत नसेल तर ‘उद्या पाहून सांगतो’ असे म्हणून पाहा, असे सुचवले. त्याने ते केले. आठवड्याभराने येऊन त्याने मला सांगितले की आकाश काही कोसळले नाही.

छापील अर्जात शेवटचा रकाना होता: ‘अध्यापकाशी झालेली चर्चा’. मी त्यात प्रामाणिकपणे लिहिले की अध्यापकाला विद्यार्थ्यांच्या प्रश्नांची भीती वाटते, त्यावर चर्चा झाली आणि सुधारणा दिसते. खाली सही केली. तो कागद कक्षाच्या कपाटात गेला.

जूनमध्ये नव्या वर्षासाठी मुलाखती झाल्या, तेव्हा निवड समितीपुढे उमेदवारांच्या फायली ठेवल्या गेल्या आणि त्याच्या फायलीत माझा अर्ज होता. समितीतील एकाने त्यातील एक वाक्य मोठ्याने वाचले. पूर्ण वाक्य वाचले नाही, स्वल्पविरामापर्यंतच वाचले. त्याची नियुक्ती झाली नाही. कार्यभार कमी झाला होता, दुसऱ्या उमेदवाराची पीएच.डी. झाली होती, इतर कारणेही असतील. ती मी स्वतःला अनेकदा सांगून पाहिली आहेत. मला हे जुलैत कळले. मी त्याला भेटायला गेलो तेव्हा त्याने मला एका शब्दाने दुखावले नाही. फक्त म्हणाला, “सर, तुम्ही विचारलंत म्हणून मी सांगितलं.”

मी बैठकीत विषय काढला. निरीक्षणाचे अर्ज नियुक्तीसाठी वापरायचे असे कोठे ठरले होते, असे विचारले. वापरायचे नाहीत असे तरी कोठे ठरले होते, असा प्रतिप्रश्न आला, आणि तो बरोबर होता. अर्जाच्या माथ्यावर ‘गोपनीय’ असे छापलेले होते. पण कोणापासून गोपनीय हे कोणीच विचारले नव्हते. त्याला समोर बसवून बोलते करण्यापूर्वी हा कागद कोठे जाणार, कोण पाहणार आणि किती दिवस राहणार, हे त्याला सांगणे माझे काम होते. मी सांगितले नाही, कारण मला माहीत नव्हते. आणि मला माहीत नव्हते, कारण मी विचारले नव्हते. स्थायी नोकरी असलेल्या माणसाला असे प्रश्न सुचत नाहीत. त्याच्या बाबतीत कागद कपाटात जातात आणि तेथेच पिवळे पडतात.

गेल्या आठवड्यात मी त्याला फोन केला आणि हे लिहू का, असे विचारले. तो आता दुसऱ्या जिल्ह्यात शिकवतो. म्हणाला, “लिहा सर, विषय तेवढा सांगू नका.” म्हणून विषय सांगितलेला नाही आणि वर्षही सांगितलेले नाही.

ही चूक मी पहिल्यांदा केली असे नाही, आणि तिच्यावर उपायही कोणी शोधलेला नाही असे नाही. अमेरिकेत प्राध्यापकांच्या अध्यापनविकासाचे काम करणाऱ्यांची पॉड नेटवर्क नावाची संघटना १९७६ पासून आहे आणि तिने आपल्या सदस्यांसाठी नैतिक मार्गदर्शक तत्त्वे तयार केलेली आहेत. त्यांत गोपनीयतेवर भर आहे. मदत मागायला आलेल्या अध्यापकाची माहिती त्याच्या संमतीवाचून इतरांपर्यंत जाऊ नये आणि आपल्याला पगार देणारी संस्था व आपल्यासमोर बसलेला अध्यापक यांच्या हितांत ओढाताण होऊ शकते हे प्रशिक्षकाने ओळखून असावे, असा त्यांचा रोख आहे. सुधारणेसाठी केलेले निरीक्षण आणि नियुक्ती-बढतीसाठी केलेले मूल्यमापन यांचे कागद वेगळे आणि माणसेही वेगळी असावीत, हा विचार या क्षेत्रात जुना आहे. आपल्याकडे समन्वयक, निरीक्षक, गुणवत्ता कक्षाचे सदस्य आणि निवड समितीला कागद पुरवणारे हे बहुधा तेच चार लोक असतात. माणसे कमी आहेत, हे खरेच आहे. पण अशिलाने वकिलाला विश्वासाने सांगितलेल्या गोष्टीला कायद्याने संरक्षण दिले आहे. अध्यापकाने मार्गदर्शकाला सांगितलेल्या गोष्टीला निदान एका लेखी ठरावाचे तरी संरक्षण महाविद्यालय देऊ शकते, आणि त्यासाठी एकही नवे पद भरावे लागत नाही.

यात आणखी एक विषमता आहे. ज्यांना प्रशिक्षणाची खरी गरज आहे ते तासिका तत्त्वावरील तरुण अध्यापक २१ दिवसांच्या वर्गाला गेले तर तेवढ्या दिवसांच्या मानधनाला मुकतात. त्यांना कर्तव्य रजा ही गोष्टच ठाऊक नसते, आणि एफडीपीचे शुल्कही पदरचे भरावे लागते. उलट ज्याची शेवटची स्थाननिश्चिती जवळ आली आहे, त्याला अभिनव अध्यापन पद्धती शिकण्यासाठी सन्मानाने पाठवले जाते. मूल्यांकनाच्या वेळी महाविद्यालयांना दर्जा देणाऱ्या नॅकला आकडा द्यायचा असतो तो प्रशिक्षण घेतलेल्या अध्यापकांच्या टक्केवारीचा. त्या टक्केवारीत कोणाचा तास सुधारला, हे कोठेच दिसत नाही. माझ्यासारख्या साधनव्यक्तींचाही यात वाटा आहे. तुम्ही मला बोलवा, मी तुम्हाला बोलावतो, मानधनाची पावती दोघांच्या फायलीला, हा व्यवहार इतका सरावाचा झाला आहे की त्याला व्यवहार म्हटले तर लोक रागावतात.

परवा मी त्या सांगलीकडच्या समन्वयक मॅडमना फोन केला आणि तीन अटी घातल्या. माझ्या सत्राचे यूट्यूबवर थेट प्रक्षेपण करू नये आणि ध्वनिचित्रमुद्रणही नको, ही पहिली. सत्रातील चर्चेत कोणी काय म्हटले ते अहवालात नावानिशी येऊ नये, ही दुसरी. आणि अभिप्रायाचा अर्ज निनावी असावा व प्रमाणपत्र त्यावर अवलंबून ठेवू नये, ही तिसरी. त्या शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, “सर, तुमचं पटतंय, पण मग अहवालाला पुरावा काय जोडू? नॅकवाल्यांना जिओ-टॅग फोटो लागतात.” त्यांचेही चुकत नव्हते. त्या स्वतः सहायक प्राध्यापक आहेत, हा कार्यक्रम त्यांच्या फायलीतही जाणार आहे, आणि पुरावा नसलेल्या सत्राचा खर्च मंजूर होत नाही.

आम्ही तडजोड केली. पहिल्या पाच मिनिटांत जिओ-टॅगसह, म्हणजे ठिकाणाच्या नोंदीसह, हवे तेवढे फोटो काढायचे, मग कॅमेरे बंद, मोबाइल पिशवीत आणि दार लोटलेले. अहवालात सत्राचा विषय आणि उपस्थितांची संख्या एवढेच. तिसऱ्या अटीबद्दल मात्र त्यांना प्राचार्यांशी बोलावे लागणार होते. लिंकची रचना विद्यापीठाच्या नमुन्याप्रमाणे आहे, असे त्या म्हणाल्या. त्याचे उत्तर अजून आलेले नाही. काल संध्याकाळी सुधारित वेळापत्रक तेवढे आले. त्यात माझे सत्र जेवणानंतर नाही. त्यांनी आपणहून ते सकाळी ११ वर आणले आहे.